निरोगी अंडी

"अंडी घातल्यावर आईलेच कुटतेस का वं?"

दुर्पतावयनी माझ्या टेबलाशी उभी राहून विचारत होती. माझ्या एका हातात चिमटा होता आणि चिमट्यात कोशाची पतंगीण. तळहाताएवढी, पिवळट, चारही पंखांवर काचेच्या टिकलीसारखे गोल. तीन दिवस मातीच्या बोळक्यात बसून तिनं दीडेकशे अंडी घातली होती. आता तिच्यात काही उरलं नव्हतं, तरी पाय हलत होते. मी पंख उपटून टाकले, पोट खलात घातलं आणि बत्ता फिरवला.

"माय वो!" वयनीनं तोंडाला पदर लावला. "जिती होती नं ते!"

"मरणारच होती, वयनी. यांना तोंडच नसतं. कोशातून निघाल्यापासून मरेपर्यंत काही खात नाहीत. अंडी घालायची, की संपलं."

"म्हणून कुटायचं?"

केंद्रात मी मुद्दाम छापील मराठी बोलायची, घरच्या माणसांशीसुद्धा. गावातली बारावी झालेली पहिली मुलगी होते मी. विसाव्या वर्षी सरकारी बीज केंद्रात रोग तपासायच्या कामावर लागले होते. त्या थाटातच मी वयनीला समजावलं. आईच्या अंगात रोग असला तर तो अंड्यांत उतरतो. वरून काही दिसत नाही. अंडी फुटतात, किडे निघतात, महिनाभर पाला खातात आणि ऐन कोसा बांधायच्या वेळी पटापट मरतात. शिवाय शेजारच्या झाडांवरच्यांनाही घेऊन जातात. म्हणून प्रत्येक आईला कुटायचं, तिच्या रसाचा थेंब काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकातून, गावच्या भाषेत दुर्बिणीतून, पाहायचं. तांदळाच्या कणीसारखे चमकणारे दाणे दिसले, तर त्या आईची सगळी अंडी जाळायची.

"पाहा," म्हणत मी तिला स्टुलावर बसवलं. तिनं एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, मग दोन्ही उघडले.

"मले तं काईच दिसत नाई."

"म्हणजे निरोगी," मी म्हणाले आणि वहीत तसं लिहिलं. वयनी लिहिलेल्या अक्षरांकडे बघतच राहिली.

"शशी," ती म्हणाली, "तुझ्या भावाले सांगते आज. म्हणते, तुमच्या बहिनीले जीवाच्या आतलं दिसते."

आम्ही कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, पाळणारी माणसं. गावाचं नाव ऐनटोला, वैनगंगेपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. शेतं नावापुरती. खरं पीक जंगलात, ऐनाच्या झाडांवर. अंडी पानांच्या द्रोणात ठेवून द्रोण फांद्यांना टाचायचे. किडे निघाले की ते वर चढून पाला खातात, बोटाएवढे हिरवेगार होतात. त्या चाळीस दिवसांत घरचा पुरुष झाडाखाली झोपडीत राहतो, गुलेलीनं कावळे हाकलतो, मुंग्या मारतो. तेल नाही, मासोळी नाही, बायकोशी संबंध नाही. कोसा सोवळ्याचा. बाई अडचणीत असली तर तिनं त्या वाटेला पाय ठेवायचा नाही, तिची सावलीसुद्धा झाडावर पडता कामा नये.

आणि किड्यानं एवढ्या सोवळ्यात स्वतःभोवती घर बांधलं, की ते घर त्याच्यासकट उकडायचं. पतंग बाहेर आला तर कोशाला भोक पडतं, धागा तुटतो. म्हणून तो आत जिवंत असतानाच कोसा राखेच्या पाण्यात टाकतात. झिंगे शिजवल्यासारखा वास सुटतो. वयनी त्या ऊन पाण्यात हात घालून कोसा काढायची, टोक शोधायची आणि उघड्या मांडीवर धागा वळत ओढायची. उजव्या मांडीवर. तिथली कातडी नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. सगळ्या टोल्यात, आमच्या वस्तीत, तिच्याइतका सरळ धागा कुणाचा निघत नव्हता. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. माय घालूनपाडून बोलायची, पण धाग्याकडे बघून गप्प बसायची.

त्या वर्षी श्रावणात अंडी वाटायची होती. वाटप शुक्रवारी. त्याच शुक्रवारी सकाळी मला पाहायला भंडाऱ्याकडचे लोक येणार होते. मुलगा प्राथमिक शाळेत शिक्षक होता. आमच्या माणसांत नोकरीवाला मुलगा म्हणजे दुर्मीळच. गुरुवारी दुपारी चार वाजता मी काम संपवलं आणि घरी आले. वयनीनं अंगणात हंडा तापवून ठेवला होता. पतंगांचा वास बोटांतून जात नाही. तिनं बेसन आणि हळद लावून माझी बोटं एकेक करून चोळली, नखांच्या कडा काडीनं साफ केल्या.

"उद्या हात पुढं करून चहा देशीन, तवा वास नको याले," ती म्हणाली. "नवरदेव पळून जाईन."

नवरदेव पळाला नाही. त्याचं नाव वामन. तो बोललाच नाही फारसा. त्याच्या वडिलांनीच विचारलं, "नोकरीत काम काय असतं बाई तुझं?"

"रोग तपासते."

"चूक होत नाही ना कधी?"

"नाही," मी म्हणाले. सगळे हसले. त्याच दुपारी होकार सांगून गेले. लग्न मार्गशीर्षात धरलं.

भावासाठी, देवाजीसाठी, अंडी मी स्वतः निवडली होती. गुरुवारच्या शेवटच्या टोपलीतली वीस बोळकी. टपोरी अंडी होती. भाऊ ती घेऊन जंगलात गेला. त्याच्या झाडांना लागूनच आणखी अकरा घरांची झाडं होती.

किडे निघाल्यावर तिसऱ्या आठवड्यात भावाला हिवताप आला. अंथरुणात तो असा थडथडायचा की खाट वाजायची. झाडं राखायला दुसरं कुणी नव्हतं, बाप आमचा कधीच गेलेला. माय म्हणाली, "एवढे दिवस वाया गेले, जाऊ द्या." पण वयनीनं गुलेल उचलली.

"पाच दिवस तं निभावते मी," ती म्हणाली. सोमाजीकाकाला विचारून गेली. सोमाजीकाका म्हणजे टोल्यातला सगळ्यांत जुना कोसेवाला, जंगलाच्या पूजेचा मान त्याच्याकडे. तो म्हणाला, "बाई शुद्ध असीन तं जाय. पन सांभाळून."

रविवारी केंद्राला सुट्टी होती. मी शिदोरी घेऊन गेले तेव्हा वयनी एका ऐनाखाली उभी होती. फांदीवर कावळा होता. तिनं खडा लावला, ताणला, सोडला. कावळा पाचोळ्यात आपटला. तिनं तो पायानं बाजूला सारला आणि माझ्याकडे वळली. चेहरा पांढरा पडला होता.

"शशी, झालं वं. सकाळपासून."

"काय झालं?"

"अडचन. चार दिवस लवकर आली. आता का करू? मी निघाली तं कावळे एका दिवसात झाडं साफ करतीन. आन् राहिली तं..." ती वर बघायला लागली. फांदी न फांदी हिरव्या किड्यांनी लगडलेली होती. पाला खाताना त्यांचा बारीक आवाज येत होता, पाचोळ्यावर पावसाची भुरभुर पडावी तसा.

मी हसले. खरंच हसले.

"वयनी, यानं काही होत नाही. हे किडे आहेत. त्यांना काय कळतंय? मी विज्ञान शिकले आहे. ते पेशींचं असतं, रोग जंतूंनी होतो. तुमच्या सावलीनं नाही."

"खरं सांगतेस?"

"माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुयावर नाई तं कोनावर?" ती म्हणाली. जरा वेळानं तिनं डबा सोडला आणि जेवायला बसली. "कोनाले सांगू नको पन."

भाऊ सहाव्या दिवशी उठून बसला. वयनी घरी आली. आणखी आठ दिवस गेले.

मग एका सकाळी भाऊ ऐनाच्या पानावर एक किडा घेऊन घरी आला. निम्म्या वाढीचा, सुरकुतलेला. अंगावर मिरेपूड सांडावी तसे काळे ठिपके. पान तिरकं केलं तसा तो सुटून खाली पडला.

"अर्धे असे झाले," भाऊ म्हणाला. "काही मोठे, काही कारलीच्या बीएवढे. धरून राहात नाईत. गळून राहिले. शशी, का झालं असंन?"

"बघते," मी म्हणाले.

चार दिवसांत रोग बाराही घरांच्या झाडांवर पसरला. माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली बसायची आणि वरून किडे पडायचे. टप, टप. दुर्गंधीनं वाटेवर उभं राहवत नव्हतं. ज्यांनी कोसा बांधायला घेतला होता, ते अर्ध्या घरातच काळे पडून लटकत होते. वर्षाची भाजीभाकर त्या फांद्यांवर होती. कुणी रडलं नाही. फक्त एकमेकांच्या झाडांकडे बघायला लागले. आणि सुरुवात कुणाच्या झाडांपासून झाली, ते कुणाला सांगायची गरज पडली नाही.

सोमाजीकाकानं बैठक बोलावली. सकाळी, मोहाच्या झाडाखाली. पुरुष पुढं, बायका मागं. भाऊ मान खाली घालून बसला होता. मला पुढं बोलावलं.

"केंद्राच्या साहेबाकडं गेलो होतो मी," सोमाजीकाका म्हणाला. "त्यानं वही दाखवली. सगळी अंडी निरोगी लिहिली आहेत. पन वही म्हणजे कागद, बाई. तू आमची पोरगी आहेस. तू आपल्या डोळ्यानं पायलं होतं का? देवाजीच्या झाडावर गेलेली अंडी?"

शंभरेक माणसं माझ्याकडे बघत होती. वयनीही बघत होती. तिच्या चेहऱ्यावर अजून भीती नव्हती. शशीला जीवाच्या आतलं दिसतं.

"पाहिली होती, काका," मी म्हणाले. "निरोगी होती."

मी ती पाहिली नव्हती.

गुरुवारी दुपारी माझ्यापुढं साठ बोळकी उरली होती. एका तासात वीस होतात. तीन तास बसले असते तर सात वाजले असते. हातांचा वास निघाला नसता, केस धुऊन वाळले नसते. मी साठच्या साठ पतंगिणी एका टोपलीत भरून मागच्या खड्ड्यात ओतल्या. त्या पंख फडफडवत होत्या. वर माती लोटली. मग टेबलाशी येऊन वहीत साठ ओळी लिहिल्या. निरोगी, निरोगी, निरोगी. अक्षर चांगलं यावं म्हणून सावकाश लिहिल्या. त्यातलीच वीस भावासाठी निवडली, कारण अंडी टपोरी होती.

हे मी तिथं सांगितलं असतं तर? नोकरी गेली असती. भंडाऱ्याला बातमी पोचायला दोन दिवस लागले नसते. लग्न मोडलं असतं. बारा घरांनी आमच्या दारात येऊन काय केलं असतं, तेही मला दिसत होतं. हे सगळं मी एका श्वासात मोजलं. त्या मोजणीत वयनी नव्हती.

"अंडी चांगली होती," सोमाजीकाका सगळ्यांकडं वळून म्हणाला. "मंग रोग जंगलात शिरला. कोन शिरलं होतं जंगलात?"

बायकांतून कुणीतरी म्हणालं, "दुर्पता पाच दिवस होती."

"उठ बाई. समोर ये." ती आली. "शुद्ध होतीस का?"

वयनीनं माझ्याकडे पाहिलं. ती खोटं बोलायला सांगत नव्हती. जे मी ऐनाखाली हसत हसत सांगितलं होतं, तेच इथं सांगावं एवढंच तिला हवं होतं. मी पायाजवळच्या मुंग्यांकडे बघत राहिले.

"नव्हती जी," वयनी म्हणाली. "तिसऱ्या दिवशी अडचन आली. कावळ्यांच्या भ्यावानं मी निघाली नाई."

मायनं कपाळावर हात मारून घेतला. माणसांत आवाज उठला. सोमाजीकाकानं हात वर केला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खात्री करून घ्यायची होती. तो पुन्हा माझ्याकडे वळला.

"तू शिकलेली आहेस. आमचं म्हातारपनाचं डोकं. सांग, अशानं किडे मरतेत का?"

मी वर पाहिलं. वयनीचे ओठ किंचित उघडे होते, जणू माझ्याबरोबर ती तेच वाक्य म्हणणार होती.

"मरत असतील, काका," मी म्हणाले.

तिनं ओठ मिटले.

ठरलं ते असं. बाराही घरांची झाडं तिनं एकटीनं साफ करायची, मेलेला जिवंत एकूणएक किडा वेचून उकळत्या पाण्यात टाकायचा. आणि पुन्हा जन्मात कोशाला हात लावू नये, म्हणून जिच्यावर धागा ओढते त्या मांडीला डाग द्यायचा.

तीन दिवस ती झाडं साफ करत होती. कुणी शिडी दिली नाही. ती बुंध्याला धरून वर चढायची, फांदी वाकवायची, किडे ओच्यात भरायची. ते तिच्या हातात फुटायचे. कोपरापर्यंत हात काळेहिरवे झाले होते. बारा चुलींवर बारा हंडे उकळत होते आणि प्रत्येक घरची माणसं आपापल्या हंड्याशी उभी राहून ती किती ओतते ते बघत होती. काही किडे धडधाकट होते. ते पाण्यात पडल्यावर एकदाच ताठ व्हायचे. एका घरची म्हातारी तिच्या पाठीवर थुंकली. वयनीनं ते पुसलं नाही. हात भरलेले होते.

दुपारी मीच तिला भात नेऊन द्यायची, लांबून. मायनं तेवढं कबूल केलं होतं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "शशी, तू तं म्हणाली होती, काई होत नाई."

झाडाखाली आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "मला तसं वाटलं होतं, वयनी. पुस्तकात सगळंच नसतं."

तिनं भाताची थाळी जवळ ओढली.

"हो," ती म्हणाली. "तुले तरी का मालूम राहीन? मलेच समजाले पाह्यजे होतं. मी मोठी."

चौथ्या दिवशी सकाळी घरात बायका जमल्या. मायनं विळा चुलीत खुपसला होता. पुरुष अंगणात उभे होते, भाऊही त्यांच्यात. वयनी स्वतःच चटईवर आडवी झाली आणि तिनं लुगडं वर घेतलं. ती गुळगुळीत, चकाकणारी मांडी मी तेव्हा शेवटची पाहिली.

"शशे, पाय धर," माय म्हणाली.

मी दोन्ही हातांनी वयनीचा घोटा आणि गुडघा धरला. माझी पकड सैल पडली. तिला ते कळलं. तिनं मान उचलून माझ्याकडं पाहिलं.

"घट्ट धर, शशी. मी हालली तं डाग भलतीकडं जाईन."

मी घट्ट धरलं. मायनं विळा बाहेर काढला. तो पहिल्यांदा टेकला तेव्हा वयनीच्या घशातून आवाज निघाला, तो माणसाचा नव्हता. दुसऱ्यांदा टेकला तेव्हा तिचा पाय माझ्या हातात दगडासारखा झाला. तिसऱ्यांदा काहीच झालं नाही. खोलीत वास भरला. एका बाईनं दार उघडलं. अंगणातून सोमाजीकाकानं विचारलं, "झालं का जी?" आणि माय म्हणाली, "झालं."

पाचव्या दिवशी तिचा भाऊ मोहटोल्याहून बैलगाडी घेऊन आला. तिला उचलून ठेवावं लागलं. माझ्या भावानं तिच्या मागोमाग तिची पेटी गाडीत ठेवली आणि घरात निघून गेला. पुढच्या वर्षी त्यानं दुसरी बायको केली. मला मार्गशीर्षात वाजतगाजत नेलं. नोकरी मी लग्नाच्या आदल्या आठवड्यात सोडली. साहेबांनी चांगल्या कामाचं प्रमाणपत्र दिलं.

यानंतर पंचवीस वर्षं मी सुखात काढली. खोटं कशाला सांगू? दोन मुलं झाली, दोघं मार्गी लागली. यजमान सरळ माणूस होते. त्यांना मी हे कधी सांगितलं नाही. ते गेले, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात माझ्या मनानं घेतलं की वयनीला भेटावं आणि सांगावं. एवढंच सांगावं, की वयनी, तुमच्यामुळं काही झालं नव्हतं. मी एसटीनं मोहटोल्याच्या फाट्यावर उतरले आणि भुरभुर पावसात पायी निघाले.

घर सापडायला वेळ लागला नाही. "कोशावाली आत्या," असं म्हटल्यावर पहिल्याच माणसानं हात दाखवला. ती ओसरीवर बसली होती. केस पांढरे, उजवा पाय लांब केलेला, डागानंतर तो तिला कधी दुमडताच आला नव्हता. मला तिनं आवाजावरून ओळखलं.

"शशी! माय वो, शशी माही!" तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि रडायला लागले. ती माझी पाठ थोपटत राहिली.

घर तिच्या भाच्याचं. तोही कोसा पाळायचा, अंडी आता केंद्रातून न आणता गावातच तयार करत. वयनी स्वतः कोशाला हात लावत नसे, पण आसपासच्या पाच टोल्यांत सोवळ्याचे नेम तिला विचारल्याशिवाय कुणी अंडी झाडावर चढवत नसत. हे तिनंच मला सांगितलं, अभिमानानं. "ज्याच्या हातून घडलं, त्याले ठाऊक राहाते," ती म्हणाली.

घरात एक लेकरू रडत होतं. अकरा महिन्यांचं असेल. भाचा त्याला मांडीवर घेऊन वाटीतलं पातळ दूध चमच्यानं पाजायचा प्रयत्न करत होता. ते तोंड फिरवत होतं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

"याची आई?" मी विचारलं.

वयनीनं बोटानं दाखवलं. घरापासून पन्नासेक पावलांवर, भिजत्या पाचोळ्यात, चार काठ्यांवर ताडपत्री टाकलेली होती. तिच्याखाली एक तरुण बाई गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिच्या पोलक्याची पुढची बाजू ओली होती. पावसानं नव्हे.

"भाचसून आहे. अडचन आली तिले. किडे झाडावर आहेत नं, म्हणून पाच दिवस तिकडं. लेकराले शिवू देत नाई मी. तेच लेकरू मंग घरभर फिरते, भाच्याच्या अंगावर बसते, आन् भाचा जाते झाडाखाली." ती समजावून सांगत होती, माझ्यासारखीच. "पहिले दोन दिवस लय भांडली माह्याशी. शिकलेली आहे."

आम्हाला बोलताना बघून ती बाई उठली आणि ताडपत्रीच्या कडेला येऊन उभी राहिली.

"बाई, तुम्ही शहरातून आल्या ना?" ती तिथूनच ओरडली. "मी बारावी सायन्स आहे. यानं किडे मरत नाहीत. तुम्ही तरी यांना सांगा. माझं लेकरू तीन दिवसांपासून उपाशी आहे."

"घे," वयनी हसली. "हिलेच विचार म्हणा! हे माही ननद. हिच्या हातात दुर्बीन होती. हिनं काचेत जीवाच्या आतलं पायलं होतं." मग ती माझ्याकडं वळली. चेहरा इतका निवांत होता तिचा. "सांग शशी हिले. त्या साली अंडी चांगली होती का नाई?"

ती बाई माझ्याकडं बघत होती. वयनी माझ्याकडं बघत होती. आत लेकरू थांबलं, दम घेतला आणि पुन्हा रडायला लागलं. ज्या एका वाक्यासाठी मी एवढ्या लांबून आले होते, ते माझ्या जिभेवर होतं. ते बोलले तर वयनीला पंचवीस वर्षांचं काय उरणार होतं, असा विचार मी केला, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. तेव्हा तसला काही विचार माझ्या मनात आला नव्हता. तेव्हा मला फक्त भीती वाटली, पूर्वीसारखीच.

"चांगली होती," मी म्हणाले.

ती बाई वळली, ताडपत्रीखाली गेली आणि घराकडं पाठ करून बसली.

"पाय आत घेऊन बस वं, भिजशीन," वयनी तिला म्हणाली, आणि भाच्याला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं. त्यानं लेकरू खाली ठेवलं आणि चूल पेटवली. चहा गोड होता. मी तो सगळा प्याले.